रांगेचे गणित मांडणारा माणूस

आमच्या देऊळघाटात घरोघरी टेलिफोन येण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. मुंबईला कुणाशी बोलायचे म्हणजे ट्रंक कॉल. सकाळी एस.टी. धरून तालुक्याच्या गावी जायचे, खिडकीपाशी नंबर लिहून द्यायचा आणि बाकावर बसून राहायचे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे तीन प्रकार. ज्याच्या खिशात जास्त पैसे, त्याचा नंबर आधी लागायचा. आमच्या मामांनी एकदा ऑर्डिनरी कॉल लावला आणि दुपार कलली तरी त्यांना कुणी हाक मारली नाही. बरोबर बांधून आणलेली भाकरी त्यांनी बाकावरच सोडली, कारण उठून बाहेर गेलो आणि नेमका तेव्हाच नंबर लागला तर काय, ही धास्ती. संध्याकाळी लाइन मिळाली तेव्हा पलीकडचा माणूस घरी निघून गेलेला होता. मामा परत आले आणि एवढेच म्हणाले की आज आपले नशीब नव्हते.

त्यांचे ते वाक्य माझ्या मनात पुष्कळ वर्षे रुतून होते. पुढे एका माणसाचे चरित्र वाचनात आले आणि लक्षात आले की मामा किती वेळ खोळंबतील, याचा हिशेब त्या दुपारच्या कितीतरी आधी एका गृहस्थाने कागदावर मांडून ठेवला होता. आग्नर क्रारुप एर्लांग हे त्यांचे नाव. टेलिफोन खात्यातल्या इंजिनिअरांच्या तोंडी हे नाव रोज असते, कारण टेलिफोनची वर्दळ मोजण्याचे मापच त्यांच्या नावाने ओळखले जाते. आपल्या खिशातला मोबाइल, बँकेचा संगणक, कचेरीतला प्रिंटर ही सारी यंत्रे त्यांच्या गणिताच्या आधाराने चालतात. पण रस्त्यावरच्या माणसाला हा गृहस्थ ठाऊक नाही. आजच्या रविवारी त्यांची ओळख करून घेऊ.

शेपूट, बारी आणि रीळ

त्यांच्या आयुष्याकडे वळण्यापूर्वी एका शब्दाची गंमत पाहू. संगणकात माहिती आपल्या पाळीची वाट पाहत ज्या रचनेत थांबते, तिला ‘क्यू’ म्हणतात. आधी येईल त्याचे काम आधी, हा तिचा नियम. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून, आणि त्याचा मूळ अर्थ शेपूट! आधी तो जनावराच्या शेपटासाठी वापरत. मग पुरुषांच्या पाठीवर रुळणाऱ्या वेणीला तो लागला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत पॅरिसमध्ये पावाच्या दुकानांपुढे माणसांच्या ओळी लागू लागल्या, त्या ओळींनाही लोक शेपूटच म्हणू लागले. थॉमस कार्लाइल या इतिहासकाराने 1837 साली त्या क्रांतीचा इतिहास लिहिला, त्यात हा शब्द त्या अर्थाने इंग्रजीत उतरला. आपणही लांबलचक रांगेला मारुतीच्या शेपटाची उपमा देतोच की! भाषा वेगळ्या असल्या तरी माणसाच्या नजरेला दिसते ते एकच.

मराठीत मात्र याला एकाहून अधिक शब्द आहेत. रांग म्हणजे जागेवरची ओळ. बारी किंवा पाळी म्हणजे वेळेतला क्रम. रांगेत उभे न राहताही आपली बारी लागू शकते. मामा रांगेत उभे नव्हते, बाकावर बसले होते, पण त्यांची बारी चालू होती. संगणकातला ‘क्यू’ हा खरे म्हणजे या बारीच्या जातीचा आहे. तिथे कुणी कुणाच्या मागे उभे नसते, कोण कुणाच्या आधी एवढीच नोंद असते.

याच कुळातला दुसरा शब्द ‘स्पूल’. स्पूल म्हणजे रीळ. खामगावच्या कापूसबाजाराच्या मुलखात राहणाऱ्यांना दोऱ्याचे रीळ काय, हे सांगायला नको. जुने संगणक भराभर हिशेब करीत, पण छपाई करणारे यंत्र त्यांच्या मानाने फार मंद. प्रिंटरसाठी संगणकाला ताटकळत ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून छापायचा मजकूर आधी चुंबकीय फितीच्या रिळावर उतरवून ठेवायचा आणि प्रिंटरने सवडीने तो उचलायचा, अशी युक्ती निघाली. 1960 च्या सुमारास संगणकवाल्यांनी या शब्दाच्या आद्याक्षरांतून एक भारदस्त लांब नावही तयार केले. ते नाव मागाहून जोडले आणि शब्द मुळात रिळावरूनच आला, असे पुष्कळांचे मत आहे. आज फिती गेल्या, रिळे गेली. पण कचेरीत चार जणांनी एकदम छपाईचा हुकूम दिला, तरी कागद एकमेकांत न मिसळता एकामागून एक निघतात, ते या न दिसणाऱ्या रिळामुळेच.

अशा थांबलेल्या कामांचे, थांबलेल्या माणसांचे गणित होऊ शकते, हे ज्यांनी जगाला दाखवले, ते एर्लांग.

1878 साल

आग्नर एर्लांग यांचा जन्म 1 जानेवारी 1878 रोजी डेन्मार्कमधील लॉनबोर्ग नावाच्या खेड्यात झाला. याच महिन्यात, 28 जानेवारीला, अमेरिकेतील न्यू हेवन या गावी व्यापारी तत्त्वावर चालणारे पहिले टेलिफोन एक्सचेंज उघडले. त्याचे ग्राहक अवघे 21. म्हणजे टेलिफोन एक्सचेंज आणि त्याचे गणित मांडणारा माणूस हे एकाच महिन्यात जगात आले! आपल्या बुलढाणा जिल्ह्याला तर 1878 हे साल वेगळ्याच कारणाने पाठ आहे. गजानन महाराज शेगावात प्रकटले ते याच वर्षी, 23 फेब्रुवारीला. पुढे त्याच शेगावात दर्शनबारीची जी शिस्त उभी राहिली, ती साऱ्या विदर्भाला ठाऊक आहे. या घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण रांगेविषयी लिहिताना हा योगायोग नोंदवल्यावाचून राहवत नाही.

आग्नरचे वडील हान्स एर्लांग गावच्या शाळेचे मास्तर होते आणि चर्चच्या कामकाजातही त्यांच्याकडे जबाबदारी होती. आई माग्दालेन ही क्रारुप घराण्यातली. हे घराणे धर्मोपदेशकांचे. तिच्या पूर्वजांमध्ये थॉमस फिंके हा गणिती होऊन गेला होता. आपल्या मुलांना दहावीला त्रिकोणमितीत ‘टॅन्जंट’ आणि ‘सीकंट’ हे जे शब्द भेटतात, ते 1583 साली गणितात आणले ते या फिंकेने. तेव्हा गणित या मुलाच्या रक्तातच होते, असे कुणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही.

घरात मोठा भाऊ फ्रेडरिक आणि मारी व इंगेबोर्ग या दोन धाकट्या बहिणी. आग्नर शांत मुलगा होता. पोरांच्या दंग्यात पडण्यापेक्षा त्याला वाचन प्रिय. संध्याकाळी फ्रेडरिक टेबलाशी पुस्तक उघडून बसला की आग्नर समोरच्या बाजूला बसायचा आणि तेच पुस्तक उलट्या अक्षरांतून वाचायचा! एका पुस्तकावर दोन भावांची बारी लावण्याची गरजच त्याने ठेवली नाही. आकाशातल्या ताऱ्यांचे त्याला विलक्षण वेड होते आणि ताऱ्यांवर तो कविताही करीत असे.

मास्तरांच्या घरात फार पैसा कुठून असणार? प्राथमिक शिक्षण वडिलांच्याच शाळेत झाले. चौदाव्या वर्षी आग्नरने कोपनहेगनला जाऊन परीक्षा दिली. वय नियमापेक्षा कमी असल्याने त्याला बसण्यासाठी खास परवानगी काढावी लागली. परीक्षेत तो विशेष गुण मिळवून उत्तीर्ण झाला. पण लगेच पुढे शिकायला न जाता तो गावी परतला आणि दोन वर्षे वडिलांच्या हाताखाली त्याच शाळेत पोरांना शिकवू लागला. त्याच काळात त्याने फ्रेंच आणि लॅटिन या भाषांचे धडे घेतले. मग पुढचे शिक्षण हिलेरॉड येथे झाले. 1896 साली विद्यापीठाची प्रवेश परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाल्यावर कोपनहेगन विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. 1901 मध्ये गणित हा मुख्य विषय आणि खगोल, भौतिक व रसायन हे जोडविषय घेऊन ते पदवीधर झाले.

मास्तरकीकडून टेलिफोनकडे

पदवी मिळाली, पण संशोधनाची नोकरी कुठली? एर्लांग यांनी वडिलांचाच पेशा धरला. सुमारे सात वर्षे निरनिराळ्या शाळांमध्ये शिकवले. शिकवण्याची हातोटी त्यांच्यापाशी चांगली होती, ओढ मात्र संशोधनाची. स्वभाव अबोल, बोलणे मोजके. दिवसभर वर्ग घ्यायचे आणि रात्री आपला अभ्यास करायचा. विद्यापीठाने हॉयगेन्स या जुन्या शास्त्रज्ञाच्या गणिती पद्धतींविषयी एक प्रश्न निबंधासाठी ठेवला होता. त्यावरच्या त्यांच्या उत्तराची 1904 साली विद्यापीठाने गौरवाने दखल घेतली.

डेन्मार्कमधल्या गणितप्रेमींची एक संघटना होती. तिच्या बैठकांना एर्लांग नियमाने जात. तिथे त्यांची योहान येन्सन यांच्याशी ओळख झाली. येन्सन यांचे नाव आज गणिताच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ‘येन्सनची असमानता’ म्हणून माहीत असते, पण पोटापाण्यासाठी ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंते होते. कंपनीचे व्यवस्थापक फ्रेडरिक योहानसेन यांना एका प्रश्नाने पछाडले होते आणि तो सोडवायला पक्का गणिती हवा होता. येन्सन यांनी अबोल मास्तरांची गाठ योहानसेन यांच्याशी घालून दिली. 1908 साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, एर्लांग कंपनीत दाखल झाले आणि पुढे तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. शाळामास्तरला टेलिफोन कंपनीने नोकरीवर ठेवावे, ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती.

आता तो प्रश्न काय होता, ते पाहू. त्या काळी एक्सचेंजमध्ये मुली बसत. समोर भोकांची फळी, हातात तारा. कुणी फोन उचलला की मुलीने विचारायचे, नंबर ऐकायचा आणि तार त्या भोकात खोचून दोघांना जोडायचे. मुली किती ठेवाव्यात? तारा किती ओढाव्यात? कमी ठेवल्या तर लोक खोळंबतात आणि शिव्या देतात. जास्त ठेवल्या तर पगार आणि तांब्याचा खर्च वाया जातो. बरे, लोक काही ठरवून फोन करीत नाहीत. एखादा तास सामसूम जातो आणि मग पाच मिनिटांत सगळे शहर जणू एकदम बोलू पाहते. योहानसेन यांनी स्वतः या प्रश्नावर लिहिले होते, पण पुरते उत्तर हाती येत नव्हते.

एर्लांग यांनी 1909 साली आपला पहिला महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. त्याचा मथितार्थ असा. एकेक माणूस कधी फोन करील, हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. पण हजारो माणसे एकमेकांना न विचारता आपापल्या मर्जीने फोन करतात, तेव्हा त्या गोंधळातून एक नियम उमटतो. पुआसाँ या फ्रेंच गणितीने कधीचा सांगून ठेवलेला संभाव्यतेचा नियम इथे तंतोतंत लागू पडतो. एका मिनिटात एकही फोन न येण्याची शक्यता किती, एक येण्याची किती, पाच येण्याची किती, हे सारे आधीच मांडता येते. विमा कंपनीला कोण माणूस कधी जाणार हे ठाऊक नसते, पण वर्षात साधारण किती जाणार ते ठाऊक असते. तसेच हे.

खेड्याचे एक गणित

1917 साली त्यांचा सर्वांत गाजलेला निबंध आला. स्वयंचलित एक्सचेंजसाठी उपयोगी पडतील अशी दोन सूत्रे त्यात होती. सर्व तारा गुंतलेल्या असताना आलेला फोन परत जात असेल, तर शेकडा किती परत जातील, हे पहिले सूत्र सांगते. फोन परत न जाता थांबून राहत असेल, तर थांबावे लागण्याची शक्यता किती, हे दुसरे सांगते.

पहिल्या सूत्राची चव घेण्यासाठी आपल्याकडचे उदाहरण करून पाहू. समजा एका खेड्यातून तासाला सरासरी 20 जण बाहेरगावी फोन लावू पाहतात आणि प्रत्येक जण सरासरी 3 मिनिटे बोलतो. म्हणजे तासाला 60 मिनिटांचे बोलणे. वरवर पाहता एक तार पुरेशी आहे, नाही का? 60 मिनिटांचे काम आणि 60 मिनिटांचा तास! व्यवहारी माणूस हेच म्हणेल. एर्लांग यांचे सूत्र वेगळे सांगते. एकच तार ठेवली तर निम्म्या लोकांना ती गुंतलेली मिळेल. दोन तारा ठेवल्या तर पाचातल्या एकाला नकार. तीन ठेवल्या तर सोळातल्या एकाला. आणि चार ठेवल्या तर पासष्टातल्या एकालाच परत जावे लागेल.

याच हिशेबात आणखी एक शहाणपण दडलेले आहे. अशी दोन खेडी आहेत आणि प्रत्येकाला दोन-दोन तारा दिल्या आहेत, असे समजा. दोन्हीकडे पाचातला एक परत जातो. आता त्याच चार तारा दोन्ही गावांच्या सामायिक केल्या, तर एकवीसातले दोनच परत जातात. नवी तार ओढली नाही, पैसा खर्च केला नाही, तरी खोळंबा निम्म्याहून कमी झाला! बँकेत प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग न लावता सर्वांसाठी एकच नंबर पद्धत ठेवली की काम सुरळीत होते, त्याचे मर्म हेच. एका खिडकीवर गर्दी आणि शेजारची खिडकी रिकामी, ही वेळच येत नाही.

ब्रिटिश पोस्ट खात्याने आपल्या टेलिफोनच्या आखणीसाठी ही सूत्रे स्वीकारली. निबंधांची इंग्रजी, फ्रेंच, जर्मन भाषांतरे झाली. एका छोट्या देशाच्या छोट्या भाषेत लिहिलेले हे काम पाहता पाहता जगभर पोहोचले.

कोपनहेगनच्या रस्त्यांवर

इतके नाव झाले, तरी एर्लांग यांच्या राहणीत फरक पडला नाही. केवळ कागदावरचे गणिती ते नव्हते. जमिनीखालून जाणाऱ्या टेलिफोनच्या केबलींमध्ये जे भलतेच वीजप्रवाह शिरत, त्यांची मोजमापे घेण्याचे कामही त्यांच्याकडे होते. प्रयोगशाळेत पुरेसे मदतनीस नव्हते. मग हा गणिती स्वतःच बाहेर पडायचा. पुढे एर्लांग, मागे खांद्यावर शिडी घेतलेला कामगार, आणि दोघे मिळून रस्त्यातल्या झाकणाखालच्या खड्ड्यांत उतरताहेत, हे दृश्य कोपनहेगनच्या लोकांच्या ओळखीचे झाले होते.

त्यांनी लग्न केले नाही. सगळा वेळ कामाला आणि अभ्यासाला. रात्री उशिरापर्यंत दिवा जळत असे. गणित, खगोल आणि भौतिकशास्त्र यांच्या पुस्तकांचा मोठा संग्रह त्यांनी जमवला होता, आणि इतिहास, तत्त्वज्ञान, काव्य यांचेही प्रेम होते. मित्रांना काही अडले की ते एर्लांगना विचारीत, आणि उत्तर थोडक्यात पण नेमके मिळे.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. गरजू, अडलेली माणसे त्यांच्याकडे प्रयोगशाळेत मदत मागायला येत असत. एर्लांग त्यांना सहसा विन्मुख पाठवीत नसत. जे द्यायचे ते गाजावाजा न करता देत. वाट पाहण्याचे गणित ज्याने जगाला दिले, त्याने आपल्या दाराशी आलेल्या माणसाला फार वाट पाहायला लावली नाही. चरित्रकारांनी ही गोष्ट एका ओळीत सांगितली आहे, पण त्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. जगात हुशार माणसांचा दुष्काळ कधीच नव्हता. हुशारी आणि कणव एकाच ठिकाणी क्वचित नांदते.

कंपनीत त्यांनी जवळजवळ वीस वर्षे काम केले. या सबंध काळात आजारपणाची रजा म्हणून त्यांनी घेतली नव्हती. 1929 च्या जानेवारीत पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना कोपनहेगनच्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्यातून ते उठले नाहीत. 3 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांचे निधन झाले. त्या दिवशी रविवार होता. वय अवघे एकावन्न.

मागे उरलेले नाव

माणूस गेला, काम वाढत राहिले. 1946 साली टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय समितीने वर्दळीच्या मापाला ‘एर्लांग’ हे नाव दिले. एक तार तासभर अखंड गुंतलेली असली की ती एक एर्लांग वर्दळ. आपण वर हिशेबाला घेतलेल्या खेड्याची वर्दळ नेमकी एक एर्लांग होती. 1948 साली त्यांचे चरित्र आणि निबंध यांचे पुस्तक कोपनहेगनला निघाले.

1950 नंतर हे गणित टेलिफोनच्या चौकटीतून बाहेर पडले. इंग्लंडमध्ये डेव्हिड केंडल यांनी निरनिराळ्या रांगांची वर्गवारी केली आणि त्यांना अक्षरांच्या खुणा दिल्या. त्यात ‘ई’ हे अक्षर एर्लांग यांच्यासाठी राखून ठेवले. विमानतळ, गोदी, कारखाने, दवाखाने, जिथे जिथे कुणी थांबते तिथे हे शास्त्र गेले.

संगणकांच्या जगात तर त्याला दुसरा जन्मच मिळाला. लिओनार्ड क्लाइनरॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने 1962 साली आपल्या प्रबंधात रांगांचे हेच गणित संदेशांच्या जाळ्याला लावले. संदेश एका ठाण्यावर येईल, तिथे रांगेत थांबेल, बारी आली की पुढच्या ठाण्याकडे जाईल. किती थांबेल, याचा हिशेब त्यांनी केला. 29 ऑक्टोबर 1969 रोजी त्यांच्याच प्रयोगशाळेतून इंटरनेटच्या पूर्वजाचा पहिला संदेश गेला. पुढे 1986 च्या सुमारास स्वीडनमधल्या एरिक्सन कंपनीत टेलिफोनच्या यंत्रणांसाठी एक संगणकभाषा तयार झाली. तिचे नावही ‘एर्लांग’. या भाषेत प्रत्येक कामाला आपली एक टपालपेटी असते, आणि आलेले निरोप त्या पेटीत ओळीने थांबतात. व्हॉट्सअ‍ॅपची यंत्रणा याच भाषेवर उभी राहिली. गावाकडच्या आजीला नातवाने पाठवलेल्या फोटोवर एकच टिक दिसते, तेव्हा तो फोटो वाटेत कुठेतरी रांगेत थांबलेला असतो. आजीचा फोन सुरू झाला की त्याची बारी येते.

नशीब नव्हे, हिशेब

आता पुन्हा देऊळघाटाकडे येऊ. ट्रंक कॉल इतिहासजमा झाला. मामाही राहिले नाहीत. पण वाट पाहणे संपले का? रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही, पीकविम्याचा अर्ज भरताना पडद्यावर गोल चाक फिरत राहते, ‘सर्व्हर डाऊन’ हे दोन शब्द तर इंग्रजी न येणाऱ्या म्हातारीलाही पाठ झाले आहेत. ती घरी परत जाते आणि म्हणते, आज नशीब नव्हते.

एर्लांग यांच्या पायावर उभ्या राहिलेल्या शास्त्रातला एक साधा निष्कर्ष इथे सांगतो. एक खिडकी आहे आणि लोक आपापल्या सवडीने येत आहेत. ती खिडकी निम्मा वेळ कामात असेल, तर सरासरी एकच माणूस खिडकीशी असतो. दहातले आठ भाग वेळ कामात असेल, तर चार माणसे. नऊ भाग असेल, तर नऊ माणसे. आणि शंभरातले पंचाण्णव भाग असेल, तर एकोणीस! काम थोडेसेच वाढते, रांग मात्र मारुतीच्या शेपटासारखी वाढत जाते. ज्याला आपण काटकसर समजून एकही हात रिकामा ठेवत नाही, त्या काटकसरीची किंमत रांगेतला माणूस आपल्या उन्हातल्या तासांनी मोजत असतो. त्याची रोजंदारी बुडते, ती कुणाच्याच वहीत लिहिली जात नाही.

आपल्याकडची बाई भाकऱ्या थापताना मोजूनमापून थापत नाही, दोन जास्त थापते. अवचित कुणी आले तर त्याला ताटकळायला लागू नये, म्हणून. त्या दोन भाकऱ्या वाया गेल्या असे तिला कधी वाटत नाही. लॉनबोर्गच्या मास्तरांच्या मुलाने आपल्या सूत्रांतून सांगितले ते याहून फार वेगळे नाही. थोडी सवड राखून ठेवली, तर येणाऱ्याला दारात उभे राहावे लागत नाही. ती किती राखावी, याचे माप मात्र त्याने नेमके दिले.

मामांना मी हे सांगू शकलो नाही. सांगता आले असते तर एवढेच सांगितले असते की मामा, त्या दिवशी तुमचे नशीब खोटे नव्हते. तारा कमी होत्या.